लांबच्या गाडीचा माल

वारके डॉक्टरबाईंनी पत्र दिलंय.
फैजपूरचा गोल शिक्का, निळी शाई,
चौतीस आठवडे, प्रवासास हरकत नाही.
पेनाला टोपण लावता लावता म्हणाल्या,
हरकत नाही असं लिहिलंय मी,
जा, असं नाही लिहिलेलं.

पत्र सात दिवस चालतं.
आज तिसरा.

बॅग पलंगाजवळ उघडीच.
आई रोज तिच्यात काही ठेवते, रोज काही काढते.
काल बिबडे ठेवले, डिंकाचे लाडू ठेवले,
आज लाडू काढले,
तठी कोन खाऊ घालीन तुले, म्हणाली,
आणि दुपारच्या आत परत ठेवले.
कुंची मात्र तिनं एकदाही बॅगेत ठेवली नाही.
शिवून, धुऊन, घडी करून
ती स्वतःच्या उशीखाली घेऊन झोपते.

कलाबाई नारखेडे ओट्यावर बसून सांगतात,
माझी नणंद नवव्यात टेम्पोत बसून बऱ्हाणपूरला निघाली होती,
काही झालं नाही तिला.
खानापूरच्या फाट्यावर मुलगी झाली, तेवढंच.

रात्री साडेनऊला गिरीश दिसतो,
त्याच्याकडे सकाळ, एप्रिलातही खिडकीमागे बर्फ.
इथं पंखा बंद, त्रेचाळीस अंश दिवसभर भिंतीत मुरलेले.
पाळणा जोडला म्हणतो,
एक स्क्रू उरलाय, कुठला ते कळत नाही.
हसतो. मग हसत नाही.
तू ठरव, म्हणतो,
मी काहीही बोललो तरी ते माझ्या सोयीचंच वाटेल.

मला सगळं पाठ आहे.
कडेचं सीट. घट्ट पायमोजे. दर तासाला उठून चालायचं.
पट्टा पोटाच्या खालून.
पाणी, पाणी, पाणी.
फक्त एक पाठ होत नाही:
खाली समुद्र, दिवस की रात्र कळत नाही,
आणि पोट दगडासारखं घट्ट झालं
तर शेजारच्या अनोळखी माणसाला उठवताना
पहिला शब्द कुठल्या भाषेतला.

झोप नव्हती म्हणून चारला भाऊंबरोबर मळ्यात गेले.
सातपुडा अजून नुसताच काळा होता.
कापणीची माणसं विडी विझवून उभी,
ट्रक बांधावर, त्यात पाला अंथरलेला.
भाऊ विजेरी तोंडात धरून घड चाचपत होते.
नव्या पोराला म्हणाले,
डोयानं नको पाहू, बोट फिरव.
कड लागली पाहिजे बोटाले.
लांबच्या गाडीले पाऊन भरेल माल.
गोल झाला का तो आपल्या सावद्याच्या बाजाराचा,
दिल्लीपर्यंत रस्त्यात उलतो.

मग वळले, आणि मी दिसले त्यांना.
विजेरी खाली गेली.
केयीचं येगयं, म्हणाले, बाईचं येगयं.
आणि उगाचच दोरी सोडून पुन्हा बांधत बसले.

मी घड नाही, भाऊ.
हे मी मोठ्यानं म्हणाले नाही.
मला कुणी कापत नाही, कुणी चढवत नाही,
तिकीट माझ्या नावाचं आहे
आणि बायका जातात, सुखरूप पोचतात,
माझ्याच वर्गातली दीप्ती पस्तिसाव्यात गेली.
बांधावर बसून हे सगळं मनात म्हणून झालं,
तरी हात पदराखाली गेलाच,
बोट फिरलंच पोटावरून, वरून खाली.
कड लागली नाही.
आतून एक टाच तेवढी सरकली
आणि थांबली.

त्या रात्री गिरीशला म्हणाले,
तो स्क्रू कुठला ते नीट शोध.
वेळ आहे.
बरं, म्हणाला.
मग बराच वेळ स्क्रीनवर
त्याचं नुसतं कपाळ दिसत राहिलं.

बरोबर केलं का, ते मला ठाऊक नाही.
बाळाला तो आधी काचेतून पाहील,
हे माझ्या हिशेबात कायम राहील.

आईला काही सांगावं लागलं नाही.
सकाळी बॅग माळ्यावर गेलेली
आणि पत्र लाडवांच्या डब्यात, तळाला अंथरलेलं.
शिक्क्यापाशी तुपाचा डाग
हळूहळू वर येतोय.